कोड्याचे उत्तर जुळत नाही: चूक माहितीत आहे, वाचनात आहे की गणितात?

पाटीपेन्सिल

नमस्कार.

गेले काही महिने मी सामान्यज्ञान आणि अंकगणित यांची सांगड घालणारी कोडी नियमाने सोडवते आहे. अशा कोड्यात पाच-सात संकेत दिलेले असतात, प्रत्येक संकेताचे उत्तर म्हणजे एक संख्या असते, आणि त्या सगळ्या संख्या एका पदावलीत ठेवून शेवटी एकच उत्तर काढायचे असते. संकेत मला फारसे जड जात नाहीत. बऱ्याच गोष्टी आधीपासून माहीत असतात आणि ज्या नसतात त्या शोधल्यावर सापडतात. अडचण त्यापुढची आहे. माझे अंतिम उत्तर अनेकदा छापलेल्या उत्तराशी जुळत नाही, आणि हाती एकच आकडा असल्यामुळे सातांपैकी कोणत्या संकेताशी मी अडखळले, की संकेत सगळे बरोबर असूनही आकडेमोडच फसली, हे ठरवता येत नाही. मग मी सगळे पहिल्यापासून पुन्हा करते आणि बहुधा तीच चूक पुन्हा करते.

उदाहरणादाखल दोन कोडी देते.

पहिल्या कोड्यात अ म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरील घरे, ब म्हणजे ऑक्सिजनचा अणुक्रमांक, क म्हणजे मंगळाचे उपग्रह, ड म्हणजे अपोलो मोहिमांत चंद्रावर चाललेली माणसे, इ म्हणजे १८९६ पासून २०२४ पर्यंत खेळल्या गेलेल्या उन्हाळी ऑलिंपिक स्पर्धा, फ म्हणजे पूर्ण आकाराच्या पियानोवरील काळ्या पट्ट्या आणि ग म्हणजे प्रौढ माणसाच्या शरीरातील हाडे. काढायची आहे ती पदावली अशी:

ग + ड × इ − अ ÷ ब × क + फ

माझे उत्तर ५५० आले. छापलेले उत्तर ५८६ आहे.

दुसऱ्या कोड्याचे उत्तर छापलेले नाही. ते पूर्णांक आहे आणि त्याचा नवाचा ताळा (अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत गेल्यावर येणारा अंक) ४ येतो, एवढेच कोडेकाराने सांगितले आहे. त्यात न म्हणजे न्यूटनचे जन्मवर्ष, ल म्हणजे गॅलिलिओचे जन्मवर्ष, प म्हणजे अमेरिकेच्या ध्वजावरील आडवे पट्टे, च म्हणजे अपोलो मोहिमांतून चंद्रापर्यंत गेलेली माणसे आणि र म्हणजे इ.स.पू. २७ ते इ.स. १४ या काळातील ऑगस्टसच्या सम्राटपदाची वर्षे.

(न − ल) ÷ प × च + र

यात मला न, च आणि र या तिन्हींबद्दल शंका आहे. न्यूटनचे वर्ष कुठे १६४२ तर कुठे १६४३ असे सापडते. चंद्राच्या बाबतीत वेगवेगळे आकडे दिसतात. ऑगस्टसची वर्षे मोजताना कधी ४० येतात, कधी ४१. असे दोन-तीन पर्याय समोर असताना कोणता धरायचा, आणि धरलेला बरोबर आहे की नाही हे उत्तर न पाहता पडताळायचे कसे, याची काही पद्धत आहे का?

ताळेबंद

आपण फक्त ५५० आणि ५८६ हे दोन आकडे दिले असते तरी बोलण्यासारखे पुष्कळ होते, कारण अशा कोड्यांत तफावत ही निरर्थक संख्या नसते. चूक कुठल्या पदात झाली, त्यानुसार तिला ठरावीक आकार येतो. आपल्या पदावलीत हाडांची संख्या एकाने चुकली तर उत्तर एकाने चुकेल. पण ऑलिंपिकची संख्या एकाने चुकली तर उत्तर थेट ड इतक्याने, म्हणजे १२ ने सरकेल, कारण ती संख्या १२ ने गुणली जाते. मंगळाच्या उपग्रहांत एकाची चूक झाली तर फरक ८ चा पडेल, कारण तिथे अ ÷ ब ने गुणले जाते. म्हणून जुळणी फसली की पुन्हा पहिल्यापासून सोडवण्याआधी तफावत एका बाजूला लिहून ठेवावी आणि ती कोणत्या गुणकाच्या पटीत बसते ते पाहावे. एक-दोन मिनिटांचे काम आहे, आणि शोध सात संकेतांवरून एक-दोन संकेतांवर येतो.

इथे तफावत ३६ आहे आणि आपले उत्तर कमी आहे. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या असतात, म्हणजे फ बरोबर ३६. ५८६ मधून ३६ गेले की ५५० उरतात. त्यामुळे शेवटचे पद मिळवायचे राहून गेले असावे, असे मला वाटते. ३६ हे १२ च्या तिपटीइतकेही आहे, त्यामुळे ऑलिंपिकच्या संख्येत तीनाची चूक झाली असण्याचीही शक्यता आहे. मात्र त्यासाठी आपण ती संख्या तीनाने कमी धरलेली असली पाहिजे, आणि तशी धरण्याचे कारण मला दिसत नाही.

आपण प्रत्येक अक्षराची किंमत आणि आकडेमोडीच्या पायऱ्या इथे लिहाल का? तफावतीवरून बांधलेला अंदाज पायऱ्या पाहिल्याशिवाय पक्का होत नाही.

पाटीपेन्सिल

उत्तराबद्दल आभार, पण फ मी सोडलेला नव्हता. माझ्या किमती अशा होत्या: अ ६४, ब ८, क २, ड १२, इ ३३, फ ३६, ग २०६. पॅरिसची स्पर्धा तेहेतिसावी असल्याचे वाचले होते, म्हणून इ ३३ घेतला.

आकडेमोड शाळेत शिकवलेल्या कंचेभागुबेव या क्रमाने केली. कंस नाहीत. आधी भागाकार: ६४ ÷ ८ = ८. मग गुणाकार: ८ × २ = १६ आणि १२ × ३३ = ३९६. आता पदावली २०६ + ३९६ − १६ + ३६ अशी झाली. वजाबाकीआधी बेरीज करायची असल्यामुळे २०६ + ३९६ = ६०२ आणि १६ + ३६ = ५२. शेवटी वजाबाकी: ६०२ − ५२ = ५५०.

यात फ आलेला आहे. मग तफावत बरोबर ३६ ची कशी आली?

कंसाबाहेर

कारण चुका दोन आहेत, आणि दोन्हींनी मिळून एका वेगळ्याच तिसऱ्या चुकीचे सोंग घेतले आहे. ताळेबंद यांचा अंदाज आकड्यांना तंतोतंत लागू पडत होता, तरी खरा नव्हता. हे उदाहरण मला फार बोलके वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली चूक संकेत वाचण्यातली आहे. उन्हाळी ऑलिंपिकला दिलेला क्रमांक प्रत्यक्ष झालेल्या स्पर्धांचा नसून ऑलिंपियाडचा, म्हणजे चार वर्षांच्या कालखंडाचा असतो. १८९६ पासून दर चार वर्षांनी एक याप्रमाणे २०२४ पर्यंत (२०२४ − १८९६) ÷ ४ + १ = ३३ ऑलिंपियाड होतात. त्यांपैकी १९१६, १९४० आणि १९४४ या वर्षीच्या स्पर्धा महायुद्धांमुळे झाल्याच नाहीत, तरीही त्यांचे क्रमांक मोजणीत कायम राहिले. टोकियोची २०२० ची स्पर्धा २०२१ मध्ये झाली, पण झाली, म्हणून ती मोजायची. खेळल्या गेलेल्या स्पर्धा ३० होतात. संकेतात ‘खेळल्या गेलेल्या’ हे शब्द त्यासाठीच आहेत. ‘पॅरिसची स्पर्धा कितवी’ असे विचारले असते तर ३३ हे उत्तर बरोबर ठरले असते. फुटबॉलच्या विश्वचषकात याच्या उलट रीत आहे. १९३० पासून चार-चार वर्षे मोजत गेले तर २०२२ ची स्पर्धा चोविसावी यायला हवी, पण १९४२ आणि १९४६ च्या स्पर्धा झाल्या नाहीत आणि त्यांना क्रमांकही दिले गेले नाहीत, म्हणून ती बाविसावी म्हणून ओळखली जाते. ‘कितवी’ आणि ‘किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे कधी एक असतात, कधी नसतात.

या पहिल्या चुकीमुळे आपले उत्तर ३ × १२ = ३६ ने वाढले.

दुसरी चूक कंचेभागुबेव या सूत्राच्या अर्थाची आहे, आणि ती इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यासाठी थोडी जागा घेतो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम आपण पाठ करतो आणि तो शब्दशः पाळतो. ‘भागु’ या जोडीत शब्दशः पाळण्याने बिघडत नाही: भागाकार आधी उरकून मग गुणाकार केला तरी उत्तर तेच राहते. ६४ ÷ ८ × २ मध्ये आधी ८ मिळतात, मग १६. ‘बेव’ या जोडीचे तसे नाही. २०६ + ३९६ − १६ + ३६ या ओळीत ३६ च्या मागे अधिकचे चिन्ह आहे. १६ + ३६ अशी जोडी लावून ५२ वजा केले की त्या ३६ चे चिन्ह बदलते. जे मिळवायचे होते ते वजा होते, आणि उत्तर ३६ च्या दुपटीने, म्हणजे ७२ ने घटते.

‘आधी बेरीज, मग वजाबाकी’ या नियमाचा निर्दोष अर्थ असा आहे की ज्यांच्या मागे अधिकचे चिन्ह आहे ती सगळी पदे एकत्र मिळवावीत, ज्यांच्या मागे वजाचे चिन्ह आहे ती सगळी वेगळी मिळवावीत, आणि पहिल्या बेरजेतून दुसरी वजा करावी. पहिल्या पदामागे चिन्ह नसले तर ते अधिक समजावे. किंवा सरळ डावीकडून उजवीकडे जावे. बेरीज आणि वजाबाकी या समान दर्जाच्या क्रिया आहेत. दोन्ही मार्गांनी एकच उत्तर येते: २०६ + ३६० + ३६ = ६०२, आणि ६०२ − १६ = ५८६. आपल्या पायऱ्यांतही ६०२ हा आकडा एकदा येऊन गेला, पण तो निव्वळ योगायोग.

एका चुकीने ३६ वाढले, दुसरीने ७२ घटले. निव्वळ घट ३६. योगायोगाने फ ची किंमतही ३६ च आहे, म्हणून सगळा संशय त्याच्यावर गेला.

तफावत वाचण्याची पद्धत यामुळे टाकाऊ ठरत नाही. ती चूक एकच आहे असे गृहीत धरते, आणि ते गृहीतक तपासावे लागते, एवढेच. माझा नेम असा आहे की पदावलीतील प्रत्येक पदाची किंमत वेगळ्या ओळीवर, चिन्हासकट लिहायची: + २०६, + ३६०, − १६, + ३६. आकडेमोड या चार ओळींवरच करायची. चिन्ह संख्येला चिकटलेले राहिले की ते वाटेत बदलत नाही.

जाता जाता एक सांगतो. हीच पदावली चार क्रियांच्या साध्या गणकयंत्रावर डावीकडून जशीच्या तशी दाबत गेलात, तर ते प्रत्येक क्रिया हाती आलेल्या उत्तरावर करत जाते आणि शेवटी १६५५ दाखवते. वाटेत एकदा ८०९.५ हा आकडा दिसतो. मोजण्याच्या वस्तू असलेल्या कोड्यात असा दशांश मध्येच उगवला, तर तिथेच थांबून क्रम तपासावा.

जुनी वही

दुसऱ्या कोड्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मला ते पहिल्यापेक्षा चांगले रचलेले वाटते, कारण आपल्या तिन्ही शंकांना तीन वेगळ्या साधनांनी उत्तर मिळते आणि एका साधनाने दुसऱ्याचे काम होत नाही.

न्यूटनपासून सुरुवात करू. त्याचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, पण तो इंग्लंडमध्ये तेव्हा चालू असलेल्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार. ग्रेगोरियन दिनदर्शिकेनुसार तोच दिवस ४ जानेवारी १६४३ होतो. दोन्ही वर्षे खरी आहेत. आपल्याला दोन आकडे सापडले ते कोणाच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. (गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, असे पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे ठरण्यासाठी एकाची तारीख नव्या दिनदर्शिकेतली आणि दुसऱ्याची जुन्या दिनदर्शिकेतली घ्यावी लागते.) गॅलिलिओच्या जन्मवर्षाबद्दल वाद नाही, ते १५६४. आता कोडेकाराचे शब्द आठवा: उत्तर पूर्णांक आहे. ध्वजावरील पट्टे १३. १६४२ − १५६४ = ७८, आणि ७८ ला १३ ने निःशेष भाग जाऊन ६ येतात. १६४३ घेतले तर ७९ येतात, ज्यांना १३ ने निःशेष भाग जात नाही. १३ ही मूळ संख्या असल्यामुळे पुढे च ने गुणून अपूर्णांक नाहीसा व्हायचा असेल तर च स्वतः १३ च्या पटीत असावा लागेल, आणि आपल्या पर्यायांत तसा एकही आकडा नाही. म्हणून न १६४२ च. इतिहासाची शंका भागाकाराने सोडवली.

पदावलीत भागाकार दिसला की मला आनंद होतो, तो यासाठी. कोडेकार भागाकार उगीच घालत नाही. निःशेष जाईल असा भाजक त्याला मुद्दाम जुळवावा लागतो, आणि त्या जुळवणीतून त्याच्या मनातला आकडा दिसतो.

आता ऑगस्टस. इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून दोन टोकांतले अंतर २७ + १४ − १ = ४० वर्षे. जानेवारी इ.स.पू. २७ मध्ये त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी मिळाली आणि ऑगस्ट इ.स. १४ मध्ये तो वारला, म्हणजे चाळीस वर्षे पुरी होऊन वर सात महिने. पण त्याच्या सत्तेचा स्पर्श झालेली कॅलेंडर वर्षे मोजली, तर दोन्ही टोके धरून ती ४१ भरतात. ‘सम्राटपदाची वर्षे’ या शब्दांतून दोन्ही अर्थ निघू शकतात, आणि इथे मला कोडेकाराची शब्दयोजना सैल वाटते. मात्र त्याने दिलेला ताळा ती उणीव भरून काढतो. च साठी २४ धरू. ६ × २४ = १४४. ४० मिळवले तर १८४; अंकांची बेरीज १ + ८ + ४ = १३, पुन्हा १ + ३ = ४. ४१ मिळवले तर १८५, त्याचा ताळा ५. दिलेला ताळा ४ आहे, म्हणून र ४०.

राहिला चंद्र, आणि खरी गंमत इथे आहे. चंद्रावर उतरण्यात सहा मोहिमा यशस्वी झाल्या, प्रत्येकीतून दोघे उतरले, म्हणून चाललेली माणसे १२. चंद्रापर्यंत गेलेल्या मोहिमा मात्र नऊ: अपोलो ८, आणि १० पासून १७ पर्यंतच्या आठ. प्रत्येकीत तिघे, म्हणजे २७ जागा. त्यांत लोव्हेल, यंग आणि सर्नन हे तिघे दोन-दोनदा गेले, म्हणून वेगवेगळी माणसे २४. असे तीन पर्याय झाले: १२, २४, २७. पाहा:

६ × १२ + ४० = ११२, ताळा ४.
६ × २४ + ४० = १८४, ताळा ४.
६ × २७ + ४० = २०२, ताळा ४.

तिन्ही उत्तीर्ण! असे होते, कारण हे पर्याय एकमेकांपासून १२, ३ आणि १५ ने दूर आहेत. त्यांना ६ ने गुणले की ७२, १८ आणि ९० होतात, आणि हे तिन्ही आकडे नवाच्या पटीत आहेत. नवाच्या पटीतील फरक नवाच्या ताळ्याला दिसत नाही. ताळा जुळला नाही तर उत्तर नक्की चूक. ताळा जुळला तर उत्तर बरोबर असू शकते, इतकाच त्याचा अधिकार. १८९६ ऐवजी चुकून १९८६ लिहिले गेले तरी ताळा तोच राहतो, हेही त्याच कारणाने.

इथे गणित संपते आणि वाचन सुरू होते. पहिल्या कोड्यात ‘चंद्रावर चाललेली माणसे’ असे म्हटले आहे. दुसऱ्यात ‘चंद्रापर्यंत गेलेली माणसे’. दोन्ही कोडी एकाच कोडेकाराची असतील, तर त्याने शब्द जाणूनबुजून बदलले आहेत आणि १२ बाद होतात. ‘माणसे’ म्हटल्यावर जागा मोजायच्या नाहीत, व्यक्ती मोजायच्या, म्हणून २७ ही बाद. च २४, उत्तर १८४.

आपल्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे. संकेताची किंमत एकच लिहू नका. शंका असेल तिथे सगळे पर्याय शेजारी-शेजारी लिहा आणि प्रत्येक पर्याय कोणत्या वाचनातून आला ते दोन शब्दांत नोंदवा: ‘१२ चालले, २४ गेले, २७ जागा’. पुढे काहीही अडले तरी परत कुठे यायचे ते ठाऊक असते.

दशांशचिन्ह

माहितीच्या आधाराने संख्या सांगण्याची कला आपल्याकडे जुनी आहे, आणि इथे चर्चिलेली संदिग्धता तिच्यातही होती. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष अंकांत न देता ‘रस-गुण-पूर्ण-मही’ अशा शब्दांत दिले आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एक. ‘अंकानां वामतो गतिः’ या नियमाने उजवीकडून डावीकडे मांडत गेले की शके १०३६ मिळते, आणि ७८ मिळवले की इ.स. १११४. इथे रस म्हणजे मधुर, आम्ल वगैरे सहा चवी. काव्यशास्त्रातले नऊ रस मनात धरून कोणी वाचले तर १०३९ येतील, आणि आकडेमोड निर्दोष असूनही वर्ष तीनाने चुकेल. त्या काळच्या वाचकाला ही अडचण नव्हती, कारण या पद्धतीत रस म्हटला की सहाच, हा संकेत सर्वमान्य होता. आजच्या कोड्यांना असा सर्वमान्य कोश नाही, म्हणून कोडेकाराने शब्दांत ती खबरदारी घेतली पाहिजे.

मी स्वतः अधूनमधून कोडी रचतो, त्यामुळे या बाजूने थोडे लिहावेसे वाटते. काळाबरोबर बदलणाऱ्या संख्या वापरताना वर्ष लिहिलेच पाहिजे. २००६ पूर्वीच्या पुस्तकात ग्रह नऊ असतात, त्यानंतरच्या पुस्तकात आठ. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९४५ मध्ये ५१ होते, आणि २०११ मध्ये दक्षिण सुदान आल्यावर १९३ झाले. एव्हरेस्टची उंची अनेक दशके ८८४८ मीटर छापली जात होती, २०२० मध्ये ८८४८.८६ मीटर जाहीर झाली. पूर्णांकात हवी असेल तर अपूर्णांक सोडायचा की जवळच्या पूर्णांकात घ्यायची, हे सांगितल्याशिवाय ८८४८ आणि ८८४९ दोन्ही बरोबर ठरतात. गुरू आणि शनी यांचे उपग्रह मी कधीच वापरत नाही, कारण नवे उपग्रह सापडत राहतात आणि जुने कोडे अचानक चुकीचे होते. मंगळाचे दोन उपग्रह, घनाच्या बारा कडा, सोन्याचा अणुक्रमांक ७९ यांवर मात्र निर्धास्त राहता येते.

सोडवणाऱ्याला याचा उपयोग असा की कोडे केव्हा रचले गेले हाही एक संकेत असतो. जुन्या संग्रहातले कोडे असेल तर त्या काळातली किंमत आधी ठेवून पाहावी.

‘बुद्धिबळाच्या पटावरील घरे’ हा शब्दप्रयोग मला नेमका वाटला. ‘पटावरील चौरस’ असे लिहिले असते तर ६४ छोटे चौरस धरायचे की लहान-मोठे सगळे मिळून होणारे २०४, असा वाद उभा राहिला असता.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी दोन्ही कोडी नव्याने मांडली. पहिल्यात पदे चिन्हांसकट चार ओळींवर लिहिली आणि ५८६ आले. दुसऱ्यात १८४.

त्यानंतर वहीत मागे जाऊन आधीची न जुळलेली अकरा कोडी काढली. त्यांतल्या सहांमध्ये चूक एकाच जागी सापडली: वजाचे चिन्ह आणि त्याच्या पुढे अधिकचे चिन्ह असलेले पद. सहाही वेळा तफावत त्या पदाच्या बरोबर दुप्पट होती. म्हणजे ज्या संकेतांवर मी इतके दिवस संशय घेत होते, ज्यांची उत्तरे तीन-तीनदा तपासत होते, ते बरोबरच होते. उरलेल्या पाचांपैकी दोनांत ‘कितवा’ आणि ‘किती’ यांची गल्लत होती. तीन अजून सुटलेली नाहीत. त्यांचे पर्याय शेजारी-शेजारी लिहून ठेवले आहेत.

एक शंका राहते. जुनी वही यांनी दाखवल्याप्रमाणे दुसऱ्या कोड्यात नवाचा ताळा तिन्ही पर्यायांना सारखाच लागू पडला आणि शेवटी शब्दांवर विसंबावे लागले. कोडेकाराने वेगळा ताळा दिला असता तर हे टळले असते का?

ताळेबंद

पहिल्या कोड्यातला माझा अंदाज चुकला होता, हे आधी मान्य करतो. एक चूक गृहीत धरून मी थांबलो, दोन चुकांचा विचार केला नाही.

आपल्या शंकेचे उत्तर होय असे आहे, आणि त्यासाठी अकराचा ताळा पुरेसा होता. एककाच्या अंकापासून सुरुवात करून डावीकडे जाताना अंक आळीपाळीने मिळवायचे आणि वजा करायचे. उत्तर ऋण आले तर त्यात ११ मिळवायचे. ११२ साठी २ − १ + १ = २. १८४ साठी ४ − ८ + १ = −३, म्हणजे ८. २०२ साठी २ − ० + २ = ४. तिन्ही वेगळे आले, कारण ७२, १८ आणि ९० यांपैकी एकही फरक अकराच्या पटीत नाही. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी हा ताळा ती पकडतो, जी नवाच्या ताळ्यातून निसटते: १८९६ चा अकराचा ताळा ४ येतो आणि १९८६ चा ६.

उरलेल्या तीन कोड्यांपैकी एखादे इथे दिलेत, तर तफावत आणि पर्याय दोन्ही मांडून पाहू.